हृदयाच्या पडद्यातील छिद्र कॅथेटरद्वारे बंद करताना प्रतिमांचे मार्गदर्शन : स्वरूप आणि मर्यादा

गोषवारा

हृदयाच्या दोन अलिंदांमधील पडद्यात जन्मतः राहिलेले छिद्र छाती न उघडता, मांडीच्या नीलेतून नेलेल्या कॅथेटरच्या साहाय्याने बंद करणे आता रूढ झाले आहे. या उपचारात तज्ज्ञाला हृदय प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्यासमोर असतात त्या केवळ हृदयाच्या प्रतिमा. क्ष-किरण, अन्ननलिकेतून केलेली ध्वनितपासणी आणि हृदयाच्या आतून केलेली ध्वनितपासणी या तीन पद्धती काय दाखवतात, काय दाखवू शकत नाहीत आणि उपकरण कायमचे सोडण्याचा निर्णय त्यांच्या आधारे कसा घेतला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : अलिंद-पटल दोष, कॅथेटर, क्ष-किरण, टू-डी इको, प्रतिमांकन.

प्रस्तावना

हृदयविकारांवरील उपचारांचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तितकाच पाहण्याच्या साधनांचाही इतिहास आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या नीलेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागात जाऊन आपले छायाचित्र काढून घेतले. नळी हृदयात पोहोचली आहे, याचा पुरावा ते छायाचित्र हाच होता. या कार्याबद्दल त्यांना १९५६ मध्ये आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. कॅथेटर आणि प्रतिमा यांची सोबत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

त्या काळी कॅथेटरचा उपयोग प्रामुख्याने तपासणीसाठी होता. आज त्याच मार्गाने हृदयात धातूचे उपकरण नेऊन कायमचे बसवले जाते. साहजिकच प्रतिमेवरची जबाबदारीही बदलली आहे. पूर्वी प्रतिमा ही घडलेल्या गोष्टीची नोंद होती; आता पुढे काय करायचे, हे ती ठरवते. ही जबाबदारी कोणतीही एक प्रतिमा एकटीने पेलू शकते काय, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. छिद्राचे स्वरूप

गर्भावस्थेत बाळाची फुप्फुसे श्वसनाचे कार्य करीत नाहीत. त्यामुळे मातेकडून आलेले शुद्ध रक्त उजव्या अलिंदातून थेट डाव्या अलिंदात जाण्यासाठी मधल्या पडद्यात एक वाट असते. जन्मानंतर डाव्या बाजूचा दाब वाढतो व एखादे दार आतून लोटले जावे त्याप्रमाणे ही वाट मिटते. मात्र पडद्याची घडण अपुरी राहिली, तर दार लोटले जाऊनही मध्ये उघडी जागा उरते. यालाच अलिंद-पटल दोष म्हणतात.

या छिद्रातून डावीकडचे रक्त उजवीकडे येते व पुन्हा फुप्फुसांकडे जाते. म्हणजे फुप्फुसांकडून एकदा शुद्ध होऊन आलेल्या रक्ताचा काही भाग निष्कारण पुन्हा तोच फेरा घेतो. बालपणी याची लक्षणे फारशी जाणवत नाहीत. छिद्र मोठे असेल, तर काही दशकांत उजवे अलिंद व उजवे निलय प्रसरण पावतात, धाप लागू लागते, हृदयाची लय बिघडते आणि काही रुग्णांत फुप्फुसांतील रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत वाढतो. लक्षणे उशिरा दिसत असल्यामुळे अनेक रुग्णांचे निदान प्रौढ वयातच होते. या संदर्भात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा उल्लेख करावा लागेल. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. छिद्र वेळेवर सापडले, तरच ते सुलभतेने बंद करण्याचा विचार होऊ शकतो.

ही छिद्रे एकाच प्रकारची नसतात. काही पडद्याच्या मध्यभागी असतात, काही झडपांना लागून खालच्या भागात, तर काही महानीलेच्या मुखाशी. उपकरणाने नेहमीच्या पद्धतीने बंद करता येतात ती मुख्यत्वे मध्यभागातील छिद्रे. त्याचे कारण सोपे आहे. उपकरणाला पकडण्यासाठी छिद्राच्या सभोवती पडद्याचा पुरेसा काठ लागतो. काठच नसेल, तर उपकरण टेकणार कशावर?

२. शस्त्रक्रियेकडून कॅथेटरकडे

१९५२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, हृदय उघडून हे छिद्र शिवले. पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रियाही याच दोषावरची होती. शल्यचिकित्सकाला छिद्र डोळ्यांनी दिसे व बोटांनी चाचपता येई. मात्र त्यासाठी छाती उघडावी लागे.

छाती न उघडता हे छिद्र बंद करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९७५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे टेरी किंग व नोएल मिल्स यांनी केला. परंतु त्या काळची उपकरणे जाडजूड होती व त्यांच्यासाठी रुंद नळी लागे. परिस्थिती पालटली ती मिनेसोटातील कर्ट अँप्लाट्झ यांच्या उपकरणामुळे. त्याचा मानवी रुग्णांत प्रथम वापर १९९५ मध्ये झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. अँप्लाट्झ हे शल्यचिकित्सक नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञ होते, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

रुग्णांच्या बोलीत 'छत्री' म्हणून ओळखले जाणारे हे उपकरण निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या बारीक तारांनी विणलेले असते. त्याला दोन चकत्या असतात व त्यांना जोडणारी मध्ये एक आखूड कंबर असते. ओढल्यावर ते लांबट होऊन नळीत मावते आणि नळीबाहेर येताच आपला मूळ आकार धारण करते. एक चकती पडद्याच्या डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला आणि कंबर छिद्रात, अशी त्याची रचना होते. आत शिवलेल्या पॉलिएस्टर कापडामुळे रक्तप्रवाह अडतो आणि पुढील काही महिन्यांत उपकरणावर शरीराचे स्वतःचे अस्तर तयार होते.

छाती न उघडण्याचा हा लाभ मिळवताना एक गोष्ट गमवावी लागली : छिद्र प्रत्यक्ष पाहण्याची व चाचपण्याची सोय. तिची भरपाई प्रतिमांनी करावयाची असते.

३. क्ष-किरण : धातू दिसतो, पडदा दिसत नाही

कॅथेटर प्रयोगशाळेत, म्हणजे रुग्णालयात ज्याला कॅथ लॅब म्हणतात तेथे, क्ष-किरणांची हलती प्रतिमा पडद्यावर सतत पाहता येते. या पद्धतीस फ्लुओरोस्कोपी म्हणतात. नळी, तार व उपकरण धातूचे किंवा क्ष-किरण अडवणारे असल्याने ते ठळक दिसतात. त्यांची हालचाल क्षणोक्षणी कळते व संपूर्ण मार्ग एका दृष्टिक्षेपात येतो.

परंतु रक्त आणि हृदयाचे स्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच शोषतात. त्यामुळे ज्या पडद्यासाठी हा सारा खटाटोप, तो पडदा व त्यातील छिद्र या प्रतिमेत दिसतच नाही. शिवाय ही प्रतिमा म्हणजे सावली असते. पुढची व मागची वस्तू एकाच प्रतलावर एकमेकींवर पडतात. म्हणून यंत्राची कमान रुग्णाच्या डाव्या बाजूस व डोक्याकडे कलवून पडदा बाजूने दिसेल अशी दिशा साधावी लागते. त्या दिशेने पाहिल्यास दोन चकत्या एकमेकींपासून विलग व समांतर दिसतात. मात्र त्या दोहोंच्या मध्ये पडदा खरोखरच सापडला आहे किंवा नाही, हे ती सावली सांगू शकत नाही.

किरणोत्सर्गाचा प्रश्नही आहेच. मुलांच्या पेशी अधिक संवेदनशील असतात व त्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य असते. तसेच दररोज हे काम करणाऱ्या चमूला शिशाचे एप्रन घालूनही काही प्रमाणात किरणांना सामोरे जावे लागते. म्हणून आवश्यक तेवढाच वापर हे तत्त्व सर्वत्र पाळले जाते.

४. ध्वनीने पाहणे : पडदा दिसतो, धातू सावली टाकतो

ज्या १९५३ साली गिबन यांनी वरील शस्त्रक्रिया केली, त्याच साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने धडधडत्या हृदयाची हालचाल नोंदवली. त्यासाठी त्यांनी वापरलेले यंत्र मूळचे धातूतील तडे शोधण्यासाठीचे होते. दोन ज्ञानशाखांच्या सहकार्यातून जन्मलेल्या या तंत्राचे आजचे परिचित रूप म्हणजे टू-डी इको.

मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. ५० लाख कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी तेथे जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. त्यामुळे पातळ पडदाही या प्रतिमेत दिसू शकतो. डॉप्लर परिणामाचा उपयोग करून रक्तप्रवाहाची दिशा व वेग रंगांत दाखवता येतो. छिद्र कोठे आहे आणि त्यातून रक्त कोठे जाते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात.

छातीवरून केलेली तपासणी लहान मुलांत बरीच स्पष्ट असते. प्रौढांत मात्र बरगड्या, फुप्फुसांतील हवा व वाढलेले अंतर आड येते. यावर उपाय म्हणजे ध्वनी सोडणारा प्रोब तोंडावाटे अन्ननलिकेत उतरवणे. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या अगदी मागून जात असल्याने तेथून पडदा जवळून दिसतो. ही तपासणी टी.ई.ई. या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. दुसरा मार्ग म्हणजे प्रोबच कॅथेटरच्या टोकाशी बसवून मांडीच्या नीलेतून उजव्या अलिंदात नेणे. यास हृदयांतर्गत इको किंवा आय.सी.ई. म्हणतात.

या पद्धतींनाही मर्यादा आहेत. साध्या इकोची प्रत्येक प्रतिमा म्हणजे हृदयाचा एक पातळ काप असतो. एका कापात भरभक्कम दिसणारा काठ शेजारच्या कापात नसूही शकतो. दुसरे म्हणजे धातू ध्वनी परावर्तित करतो व आपल्यामागे काळी सावली टाकतो. अन्ननलिकेतील प्रोब डाव्या बाजूने पाहत असल्याने डावी चकती उघडताच तिच्यापलीकडचा काही भाग झाकला जातो. म्हणजे उपकरण बसण्यापूर्वी जी प्रतिमा सर्वांत स्पष्ट असते, तीच उपकरण बसताना अंशतः आंधळी होते.

५. काठांची पाहणी

छिद्र उपकरणास योग्य आहे काय, हा पहिला निर्णय होय. त्यासाठी छिद्राभोवतीचे काठ एकेक करून पाहावे लागतात. सामान्यतः ५ मिलिमीटर वा अधिक रुंदीचा काठ पुरेसा मानला जातो. अन्ननलिकेतील प्रोबची ध्वनिदिशा फिरवून तीन प्रमुख कापांत ही पाहणी होते. शून्य अंशाच्या आसपास हृदयाचे चारही कप्पे दिसतात व झडपांजवळचा काठ मोजता येतो. सुमारे ३० ते ४५ अंशांवर महारोहिणीजवळचा काठ व त्याच्या समोरचा मागील काठ दिसतो. सुमारे ९० ते ११० अंशांवर ऊर्ध्व व अधो महानीलांकडील काठ दिसतात.

यांपैकी अधो महानीलेकडील काठ सर्वांत दगा देणारा. तो प्रोबपासून अवघड कोनात असल्याने नीट दिसत नाही, आणि नेमका तोच अपुरा असेल तर उपकरण निसटण्याची भीती मोठी असते. निसटलेले उपकरण रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुस रोहिणीत किंवा शरीराकडे जाणाऱ्या महारोहिणीत जाऊ शकते. तेथून ते कॅथेटरने परत ओढावे लागते किंवा टाळलेली शस्त्रक्रिया अखेर करावी लागते. म्हणून 'काठ दिसला नाही' आणि 'काठ नाही' या दोन विधानांतील फरक येथे केवळ शाब्दिक राहत नाही.

२००७ च्या सुमारास अन्ननलिकेतून त्रिमितीय प्रतिमा तत्क्षणी पाहणे शक्य झाले. त्यामुळे एखाद्या खिडकीसमोर उभे राहून पाहावे तसे संपूर्ण छिद्र समोरून दिसू लागले. कापाकापांतून मनात रचावी लागणारी आकृती आता पडद्यावरच दिसते. अनेक छिद्रे वर्तुळाकार नसून लंबगोल असतात आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर लहानमोठी होतात, हे त्यामुळे सहज लक्षात येते.

६. मापनाचा प्रश्न

दुसरा निर्णय उपकरणाच्या मापाचा. पूर्वी यासाठी छिद्रात एक मऊ फुगा नेऊन तो पुरता फुगवत व त्याच्या कंबरेला पडलेली चुणी क्ष-किरणांखाली मोजत. ही पद्धत तर्कशुद्ध वाटते; परंतु पडदा लवचीक असतो. फुगा जितका दाबून फुगवावा, तितके छिद्र ताणले जाते. परिणामी मोजले जाते ते ताणलेले छिद्र, मूळचे नव्हे. मोजण्याची क्रियाच मोजावयाच्या वस्तूला बदलते, ही इतर विज्ञानशाखांना परिचित असलेली अडचण येथेही उभी राहते.

या अतिरिक्त मापाची किंमत काही रुग्णांना मोजावी लागली. प्रमाणाबाहेर मोठ्या उपकरणाची कड अलिंदाच्या भिंतीवर किंवा महारोहिणीवर घासत राहिली, तर तेथे झीज होऊन हृदयाभोवती रक्तस्राव होऊ शकतो. २००४ मध्ये झहीद अमीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २८ रुग्णांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील बहुसंख्य रुग्णांत महारोहिणीकडील काठ अपुरा होता आणि उपकरणे मूळ छिद्राच्या मानाने मोठी असण्याकडे कल दिसत होता. हा धोका हजारात एक ते तीन रुग्णांइतका विरळ आहे. परंतु तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने त्यावर स्वतंत्र चर्चा केली. येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. महारोहिणीकडील काठ अपुरा असलेल्या कितीतरी रुग्णांत उपकरण विनातक्रार राहते. त्यामुळे तो निकष उपचार नाकारण्याचा नसून अधिक काळजीपूर्वक माप घेण्याचा आहे.

या अनुभवातून फुग्याच्या वापराची रीत बदलली. आता फुगा हळूहळू फुगवताना रंगीत डॉप्लरकडे लक्ष ठेवले जाते. छिद्रातून जाणारा रक्ताचा झोत ज्या क्षणी थांबतो, त्या क्षणी फुगवणे थांबवून माप घेतात. पडदा ताणण्याची आवश्यकताच उरत नाही. ध्वनीची प्रतिमा थांबण्याचा क्षण सांगते; क्ष-किरणांची प्रतिमा फुग्याची रुंदी दाखवते. दोन अपुऱ्या प्रतिमांच्या सहकार्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

७. उपकरण सोडण्यापूर्वीची परीक्षा

उपचाराचा क्रम थोडक्यात असा. मांडीच्या नीलेतून नळी अधो महानीलेमार्गे उजव्या अलिंदात व छिद्रातून डाव्या अलिंदात नेतात. तार डावीकडील वरच्या फुप्फुस-नीलेत स्थिर करून तिच्यावरून रुंद नळी सरकवतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू नये याची कसोशीने दक्षता घेतात, कारण डाव्या बाजूस गेलेली हवा मेंदूकडे जाऊ शकते. मग डावी चकती उघडून पडद्याकडे ओढतात, पाठोपाठ कंबर व उजवी चकती उघडतात.

या क्षणी उपकरण जागेवर असते. परंतु एका तारदोराला स्क्रूने जोडलेलेच असते. मन बदलण्याची अखेरची संधी हीच. तज्ज्ञ तारदोर हलकेच पुढेमागे करून उपकरण पक्के बसले आहे का, ते पाहतो. त्याच वेळी इकोवर प्रत्येक काठ पुन्हा तपासला जातो. दोन चकत्यांच्या मध्ये पडदा सर्व बाजूंनी सापडला आहे काय? मायट्रल झडपेच्या उघडझापेत अडथळा नाही ना? फुप्फुस-नीला व महानीला यांची मुखे मोकळी आहेत ना? कडेने रक्त गळत आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल, तर उपकरण परत नळीत ओढून घेता येते. सर्व उत्तरे मिळाल्यावरच स्क्रू फिरवून ते मोकळे केले जाते. त्यानंतर उपकरण किंचित फिरते व आपली अंतिम स्थिती घेते. म्हणून मोकळे केल्यानंतरही पाहणी थांबत नाही. झीज काही वेळा महिन्यांनी वा वर्षांनीही होत असल्याने ठराविक अंतराने इको करीत राहणे आवश्यक असते.

८. साधनांची निवड

टी.ई.ई. की आय.सी.ई., या प्रश्नाचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. अन्ननलिकेतील प्रोब निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो व त्रिमितीय प्रतिमा देतो. परंतु रुग्णाला गाढ गुंगी किंवा संपूर्ण भूल द्यावी लागते, त्यामुळे भूलतज्ज्ञ व इकोतज्ज्ञ दोघेही लागतात. हृदयांतर्गत प्रोबसाठी रुग्ण जागा राहू शकतो आणि टी.ई.ई.मध्ये नीट न दिसणारा अधो महानीलेकडील काठही अधिक स्पष्ट दिसतो. मात्र हा प्रोब मुळात एकाच वापरासाठी बनवलेला व महाग असतो, शिवाय नीलेत आणखी एक छिद्र करावे लागते. लहान मुलाच्या बारीक नीलेत ही गोष्ट गौण नसते. निवड त्यामुळे रुग्णाचे वय, छिद्राची गुंतागुंत, उपलब्ध तज्ज्ञ आणि खर्च यांवर ठरते.

क्ष-किरणांना पूर्णतः वगळता येईल काय, याचाही शोध घेतला गेला आहे. २००० मध्ये बर्लिन येथील पेटर एवर्ट व सहकाऱ्यांनी केवळ इकोच्या मार्गदर्शनाने, क्ष-किरणांविना छिद्रे बंद करून दाखवली. सोप्या, सुस्पष्ट काठांच्या छिद्रांत हे शक्य आहे. मात्र नळीचा संपूर्ण मार्ग एकाच वेळी दिसत नसल्याने त्यासाठी विशेष कौशल्य लागते. याउलट, इकोची प्रतिमा क्ष-किरणांच्या प्रतिमेवर एकत्र बसवून दाखवणारी संगणकीय तंत्रे २०१० नंतरच्या दशकात आली. पूर्वी तज्ज्ञाला दोन पडद्यांकडे आळीपाळीने पाहून जी जुळणी मनात करावी लागे, ती आता यंत्र करू लागले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या उपचाराचे यश केवळ उपकरणाच्या घडणीत नाही. क्ष-किरणांना धातू दिसतो, ऊती दिसत नाहीत. ध्वनीला ऊती दिसतात, पण धातूमागचे दिसत नाही. एका पद्धतीची उणीव दुसरीने भरून काढणे आणि दोहोंनाही न दिसलेल्या भागाबद्दल घाईने निष्कर्ष न काढणे, यात खरे कौशल्य आहे. प्रतिमा अधिक सुंदर झाल्या, त्रिमितीय झाल्या, एकमेकींवर बसवल्या गेल्या. तरी कोणता काठ दिसला आणि कोणता केवळ गृहीत धरला, हे वेगळे नोंदवण्याची जबाबदारी पाहणाऱ्याचीच राहते. स्क्रू फिरवण्यापूर्वी ती नोंद मोकळेपणाने समोर ठेवणारा इकोतज्ज्ञ आणि ती ऐकून हात थांबवणारा हृदयरोगतज्ज्ञ, अशी जोडी असेल तेथे रुग्ण सुरक्षित असतो.